मेनिस्कस फाटल्यावर शस्त्रक्रिया केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही

गुडघा दुखू लागतो, एमआरआय काढला जातो आणि अहवालात ‘मेनिस्कस टेअर’, म्हणजे गुडघ्यातील गादी फाटली आहे, असे शब्द येतात. वाचणाऱ्याच्या मनात पुढचा विचार आपोआप येतो, की फाटले आहे तर ते शिवायला किंवा कापून काढायला हवे. हा न्याय कापडाला लागू पडतो. गुडघ्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही आणि अनेकांची शस्त्रक्रिया गरज नसताना होते किंवा गरज असलेल्यांची उशिरा होते, त्यामागे बऱ्याचदा हाच घाईचा निष्कर्ष असतो. फाटलेल्या मेनिस्कसबाबत निर्णय घेताना ‘फाटले आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या प्रकारे फाटले आहे, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या अवस्थेतील गुडघ्यात फाटले आहे आणि त्यामुळे गुडघ्याचे नेमके कोणते काम अडले आहे’ हे प्रश्न महत्त्वाचे असतात.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर असते, तर नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. गोल वस्तू सपाट पृष्ठभागावर ठेवली की ती अगदी थोड्या जागेत टेकते आणि सगळा भार त्या थोड्या जागेवर येतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक गुडघ्यात दोन मेनिस्कस असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. सामान्य बोलण्यात त्यांना गादी म्हणतात, परंतु त्यांचा आकार गादीपेक्षा चंद्रकोरीसारखा असतो. बाहेरच्या कडेला त्या जाड असतात आणि मध्याकडे पातळ होत जातात, त्यामुळे पाचर मारावी तशा त्या दोन हाडांमधील पोकळी भरून काढतात आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतात. गुडघा सरळ असताना सांध्यावरील भारापैकी सुमारे निम्मा भार मेनिस्कस पेलतात आणि गुडघा काटकोनात वाकलेला असताना हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाते.

त्यांची आतली रचनाही समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. मेनिस्कसमधील बहुतेक तंतू त्याच्या कडेला समांतर, म्हणजे चंद्रकोरीच्या वळणाने धावतात आणि दोन्ही टोकांना नडगीच्या हाडात घट्ट रुतलेले असतात. वरून भार आला की पाचरीच्या आकारामुळे मेनिस्कस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, पण हे तंतू ताणले जाऊन त्याला जागेवर धरून ठेवतात. लाकडी पिंपाभोवतीचा लोखंडी पट्टा आतल्या फळ्यांना बाहेर सरकू देत नाही, तसेच हे काम आहे. म्हणूनच तंतूंच्या दिशेने गेलेली चीर आणि तंतूंना आडवी कापत गेलेली चीर यांत फार मोठा फरक असतो. पहिल्या प्रकारात पट्टा उभा चिरला गेला तरी त्याचा ताण टिकून राहू शकतो. दुसऱ्या प्रकारात चीर कडेपर्यंत पोहोचली तर पट्टाच तुटतो.

मेनिस्कसचे हे महत्त्व वैद्यकशास्त्राच्या लक्षात यायला बराच काळ गेला. १८८३ मध्ये एडिंबरो येथील शल्यविशारद टॉमस अ‍ॅनंडेल यांनी निसटलेला मेनिस्कस टाके घालून जागेवर बसवला होता, तरीही १८९७ मध्ये ब्लंड-सटन यांच्यासारखा नामवंत शल्यविशारद या चकत्यांना पायातील स्नायूंचे निरुपयोगी अवशेष समजत होता आणि त्यानंतर अनेक दशके फाटलेला मेनिस्कस पूर्ण काढून टाकणे हाच रूढ उपाय राहिला. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी अशा रुग्णांचे एक्स-रे पाहून दाखवून दिले, की मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यात सांध्यातील फट अरुंद होते, हाडाचा गोलवा सपाट होतो आणि कडेला हाडाची वाढ दिसू लागते. आज आपण ज्याला गुडघ्याची झीज म्हणतो, तिच्या या खुणा होत्या. मेनिस्कस शक्य तितका राखावा, ही आजची भूमिका या अनुभवातून आली आहे आणि मला ती शस्त्रक्रियेच्या निर्णयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. काढलेला भाग परत येत नाही.

आता फाटलेला मेनिस्कस आपोआप भरून येतो का, हा प्रश्न. त्याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. जन्माच्या वेळी मेनिस्कसच्या सगळ्या भागात रक्तवाहिन्या असतात, पण वाढत्या वयाबरोबर त्या आतून मागे हटतात आणि प्रौढ माणसात केवळ बाहेरच्या कडेचा साधारण १० ते ३० टक्के भाग रक्ताने पोसला जातो. उरलेला आतला भाग सांध्यातील द्रवातून पोषण मिळवतो. त्यामुळे बाहेरच्या कडेजवळची लहान चीर भरून येऊ शकते आणि तेथे घातलेला टाकाही धरतो, तर आतल्या पातळ कडेची चीर सहसा भरून येत नाही. मात्र येथे एक गैरसमज होतो. चीर भरून आली नाही म्हणजे दुखणे कायम राहणार, असे नाही. सूज उतरते, चिरेच्या कडा झिजून गुळगुळीत होतात, स्नायू सशक्त होतात आणि चीर तशीच असतानाही गुडघा शांत होतो. उपचारांचे ध्येय पुढच्या एमआरआयमध्ये चीर न दिसणे हे नसून, चालणे, जिने चढणे-उतरणे आणि खाली बसून उठणे त्रासाशिवाय जमणे हे आहे.

फाटण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार एकाच नावाखाली येतात, हे या विषयातील गोंधळाचे मोठे कारण आहे. पहिल्या प्रकारात निरोगी मेनिस्कस एखाद्या निश्चित घटनेत फाटतो. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळते, गुडघ्याला पीळ बसतो, आत काहीतरी सटकल्यासारखे वाटते आणि पुढच्या काही तासांत, बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापर्यंत, सूज येते. (दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला तर सांध्यात रक्तस्राव झाल्याची आणि समोरचा क्रुसिएट अस्थिबंध, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड सांध्याच्या आत जोडून ठेवणारा बंध, तुटल्याची शंका घ्यावी लागते.) दुसऱ्या प्रकारात अशी घटना आठवत नाही, किंवा आठवते ती अगदी किरकोळ असते. चाळिशी-पन्नाशीनंतर मेनिस्कसमधील तंतू हळूहळू विरतात आणि बहुधा वरचा आणि खालचा थर वेगळा करणारी, पापुद्रे सुटावेत तशी चीर पडते. ही चीर पुष्कळदा गुडघ्याच्या एकूण झिजेचाच एक भाग असते, तिचे स्वतंत्र कारण शोधण्यात अर्थ नसतो.

या दुसऱ्या प्रकाराबाबत एक पाहणी प्रत्येक रुग्णाला माहीत असावी असे मला वाटते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींचे, गुडघा दुखतो की नाही हे न पाहता, एमआरआय काढण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीतील स्त्रियांमध्ये १९ टक्के, तर सत्तरीपुढील पुरुषांमध्ये ५६ टक्के जणांचा मेनिस्कस फाटलेला आढळला आणि ज्यांचा तो फाटलेला होता त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्यात दुखणे, ठणकणे किंवा ताठरपणा यांपैकी काहीही जाणवले नव्हते. याचा अर्थ असा, की साठीतल्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यात चीर दिसली, तरी दुखणे त्या चिरेमुळेच आहे असे त्या चित्रावरून म्हणता येत नाही. ती चीर दुखणे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून तेथे असू शकते.

मग लहान छिद्रातून गुडघ्यात दुर्बीण घालून अशी चीर छाटल्यास बरे वाटते का? बरे वाटते, परंतु शस्त्रक्रिया न करताही जवळजवळ तितकेच बरे वाटते, हे आता अनेक काटेकोर चाचण्यांतून दिसले आहे. त्यांपैकी सर्वांत बोलकी चाचणी फिनलंडमधील असून ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. झीज नसलेल्या गुडघ्यात आतल्या बाजूचा मेनिस्कस विरून फाटलेल्या ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांपैकी काहींची चीर खरोखर छाटण्यात आली, तर काहींच्या गुडघ्यात केवळ दुर्बीण घालून पाहण्यात आले आणि छाटण्याचा आभास निर्माण करण्यात आला. कोणावर काय झाले हे रुग्णांना माहीत नव्हते. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील रुग्णांच्या दुखण्यात आणि हालचालीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नॉर्वेमध्ये १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामाची शस्त्रक्रियेशी तुलना केली गेली आणि दोन वर्षांनंतर दोन्ही गट सारखेच आढळले. नेदरलँड्समध्ये ४५ ते ७० वयाच्या ३२१ रुग्णांवरील चाचणीनेही २०१८ मध्ये फिजिओथेरपी शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरत नाही असे दाखवले. या चाचण्यांत व्यायाम गटातील काही रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवे. नॉर्वेत हे प्रमाण सुमारे पाचातील एक होते, तर नेदरलँड्समध्ये तीनातील एकापेक्षा थोडे कमी. म्हणजे व्यायाम हा प्रत्येकासाठी पुरेसा उपाय नाही, पण बहुसंख्य लोकांसाठी आहे आणि तो आधी केल्याने नंतरचा मार्ग बंद होत नाही. या सर्व पुराव्यांच्या आधारे २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघेदुखीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

येथे ‘गुडघा अडकतो’ या तक्रारीचा अर्थ नीट लावावा लागतो. चालताना मध्येच काहीतरी खटकणे, आत कटकट आवाज होणे, बसून उठल्यावर पहिली काही पावले गुडघा ताठ वाटणे या गोष्टी झिजेच्या गुडघ्यात सर्रास असतात आणि फिनलंडच्या त्याच चाचणीत अशा खटकण्यावरही छाटणीचा विशेष उपयोग दिसला नाही. खरे अडकणे वेगळे असते. बादलीच्या कडीसारखा मेनिस्कसचा मोठा तुकडा सुटून सांध्याच्या मध्यभागी येऊन बसतो, गुडघा काही अंशांत वाकलेलाच राहतो आणि कितीही प्रयत्न केला तरी, दुसऱ्याने धरून सरळ करायचे म्हटले तरी, तो पूर्ण सरळ होत नाही. अशा गुडघ्याला व्यायामाची मुदत देऊ नये. तो तुकडा जितका लवकर जागेवर बसवून शिवला जाईल तितका तो वाचण्याची शक्यता जास्त असते, कारण आत अडकलेला तुकडा प्रत्येक पावलाला चिरडला जात असतो.

शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा असे दुसरे ठिकाण म्हणजे मेनिस्कसचे मूळ तुटणे. मध्यमवयीन व्यक्ती, त्यातही स्त्रिया, जिना उतरताना किंवा खाली बसून उठताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला ‘कट्’ असा आवाज झाल्याचे आणि लगेच तीव्र कळ आल्याचे सांगतात. मेनिस्कस ज्या टोकाने हाडात रुतलेला असतो तेच टोक सुटले, की आधी सांगितलेल्या पट्ट्याचे बंधन संपते. मेनिस्कस बाहेरून अखंड दिसतो, पण भाराखाली सरळ बाहेर सरकतो आणि सांध्याच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा होतो. यानंतर झीज फार वेगाने वाढू शकते. गुडघ्यात आधीच फारशी झीज झालेली नसेल आणि पाय फार वाकडे नसतील, तर हे मूळ हाडात पुन्हा बांधण्याचा विचार आवर्जून केला जातो. अशा रुग्णाच्या अहवालातही मुख्य शब्द ‘मेनिस्कस टेअर’ हेच असतात, म्हणून अहवालात ‘रूट’ (मूळ) आणि ‘एक्स्ट्रूजन’ (मेनिस्कस बाहेर सरकणे) हे शब्द आहेत का, हे विचारून घ्यावे.

तरुण वयात, खऱ्या दुखापतीने, बाहेरच्या कडेजवळ उभी चीर पडली असेल आणि विशेषतः समोरचा क्रुसिएट अस्थिबंधही तुटला असेल, तर अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मेनिस्कस शिवणे हा सहसा योग्य मार्ग ठरतो. मात्र तरुण आहे म्हणून प्रत्येक चिरेला लगेच शस्त्रक्रिया हवी, हेही खरे नाही. डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयाच्या १२१ रुग्णांवरील २०२२ मधील चाचणीत लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायाम करून गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रिया केलेले, असे दोन्ही गट वर्षभरानंतर जवळपास सारख्या स्थितीत होते. व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया लागली. गुडघा खरोखर अडकून बसलेले रुग्ण या चाचणीत घेतलेले नव्हते, हे विसरू नये.

निदानासाठी एमआरआयच्या आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासणे ही पहिली. सांध्याच्या रेषेवर दाबल्यावर नेमके दुखते का, वाकवून पीळ दिल्यावर कळ येते का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, आतमध्ये पाणी आहे का, हे तपासणीतच कळते. चाळिशीपुढील रुग्णांत उभे राहून काढलेला एक्स-रे ही दुसरी, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील अरुंद झालेली फट लपून राहते. पुष्कळ झीज झालेल्या गुडघ्यात मेनिस्कस फाटलेला असणे जवळजवळ गृहीतच असते आणि तेथे एमआरआयमुळे उपचारांत सहसा काही बदल होत नाही.

शस्त्रक्रियेशिवायच्या उपचाराला ‘नुसते थांबून पाहणे’ समजू नये. पहिल्या काही दिवसांत विश्रांती, बर्फाचा शेक, सूज असेपर्यंत पट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या एवढे पुरते. मूत्रपिंडाचा किंवा जठराचा त्रास असलेल्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सूज उतरू लागली की खरे काम सुरू होते. मांडीचा पुढचा स्नायू दुखऱ्या गुडघ्यात झपाट्याने क्षीण होतो आणि तो क्षीण झाला की प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो. म्हणून सुरुवातीला पाय सरळ ठेवून मांडी आवळणे, पाय उचलणे आणि कमी भार लावून स्थिर सायकल चालवणे, नंतर खुर्चीतून हात न टेकता उठणे, पायरीवर चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मागच्या मांडीचे व कमरेचे स्नायू वजनाने बळकट करणे, असा क्रम फिजिओथेरपिस्ट ठरवून देतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान १२ आठवडे, हळूहळू भार वाढवत हे करावे लागते. चार दिवस करून ‘फरक नाही’ असे म्हणणे म्हणजे उपचार न करताच त्याला अपयशी ठरवणे होय. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर भार कमी करावा. या काळात खोल उकिडवे बसणे आणि पाय रोवून झटक्याने वळणे टाळावे. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा लाभ अपेक्षेपेक्षा मोठा असतो, कारण शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळून व्यायाम सुरू करणे सोपे होऊ शकते, पण त्याने चीर भरून येत नाही आणि ते वारंवार घेणे कूर्चेसाठी, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणासाठी, चांगले नाही.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर ‘छाटणार की शिवणार’ हे आधी स्पष्ट विचारावे. छाटणीनंतर रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालू लागतो आणि काही आठवड्यांत नेहमीच्या कामाला लागतो, परंतु काढलेल्या भागाइतकी भार पेलण्याची क्षमता कायमची जाते. शिवल्यानंतरचा मार्ग कष्टाचा असतो. चार ते सहा आठवडे कुबड्या किंवा आधारपट्टा, वाकवण्यावर मर्यादा, अनेक महिने खोल बसण्याला मनाई आणि खेळाकडे परतायला साधारण सहा महिने लागू शकतात. एवढे करूनही पाचांपैकी सुमारे एका रुग्णात टाके धरत नाहीत आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. लवकर बरे होण्याच्या ओढीने छाटणी मागून घेण्याचा मोह तरुण रुग्णाला होतो आणि तो समजण्यासारखाही आहे, पण ज्याच्या गुडघ्याला अजून चाळीस-पन्नास वर्षे चालायचे आहे त्याने शिवता येण्यासारखी चीर शिवूनच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्ष गुडघ्यात पाहिल्यावरच चीर शिवण्याजोगी आहे की नाही हे पक्के कळते, म्हणून दोन्ही शक्यतांची तयारी ठेवूनच शस्त्रक्रियेला जावे. संसर्ग आणि पायातील शिरेत रक्ताची गुठळी हे धोके विरळ आहेत, पण शस्त्रक्रियेनंतर ताप येऊन गुडघा लाल व गरम झाला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गुडघा अडकलेला नसेल आणि मूळही तुटलेले नसेल, तर तीन महिन्यांच्या प्रामाणिक व्यायामानंतर पुन्हा तपासणीला जाणे सयुक्तिक असते. जाताना पहिल्या दिवशीच्या त्रासाची नोंद सोबत असावी, जसे की किती वेळ चालल्यावर दुखायचे, रात्री झोपमोड किती व्हायची, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा का. ही नोंद आजच्या स्थितीशी ताडून पाहिली की सुधारणा किती झाली हे रुग्णाला आणि डॉक्टरांना सारखेच दिसते. सुधारणा चालू असेल तर व्यायाम पुढे चालू ठेवावा. ती थांबलेली असेल, दुखणे नेमके सांध्याच्या त्याच रेषेवर असेल, एमआरआयमधील चीरही तेथेच असेल आणि एक्स-रेमध्ये झीज फारशी नसेल, तर शस्त्रक्रियेची चर्चा करण्यासाठी ही योग्य वेळ असते.